पाठमोरी दिपिका

जिते, ता. पेण
५ नोव्हेंबर २०२४

सायरा गो,

जिती हायस ना? नसशील तर पोस्टमन हे पाकीट परत आणील, त्यावरून मला कळेल. फोन केला नाय, कारण माझा फोन सुनेच्या हातात असतो आणि तुमच्या घरात तो सगळ्यांचाच असेल. पत्राचं बरं असतं. बिल नाय म्हटल्यावर पाकिटाला आता कोण हात लावतो?

कामाचं बोलते. पुण्याहून किमया नावाची पोरगी आलेय. प्रायोगिक नाटकं करते, केस पोराएवढे, चहा बिनसाखरेचा. तिला दिपिकावर नाटक करायचं हाय. कोण दिपिका म्हणून विचारलंस तर तोंडात मारीन. गावोगावच्या नाटकांना पेणहून नटी पाठवणारे आपले पुंडलिक मास्तर, त्यांची दिपिका. गावची पोरं आधीच पोस्टर छापून मोकळी व्हायची, 'स्त्री भूमिकेत दिपिका', म्हणून मास्तर ज्या बाईला टेंपोत घालतील ती त्या दिवसाची दिपिका. कधी मी, कधी तू. तोंडाला एवढी पावडर, की गावाला फरक कळला नाय, आणि कळून घ्यायचा पण नव्हता.

किमयाला आपलं दोघींचं ठाऊक नाय. तिला वाटतं दिपिका एकच. ती मीच, असं मी सांगितलं. खोटं काय त्यात? तू लतीफच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसायला लागलीस, मग त्याच्याशीच निकाह लावून गेलीस रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावाला. पुढची सगळी वर्षं मीच ओढली ना? निडीला, नागोठण्याला, खाडीकाठच्या गावांत. लाइट गेली तर ट्रॅक्टरच्या उजेडात उभी राहिले. तालीम नाय, काय नाय, विंगेतून प्रॉम्प्टर बोलेल ते उचलायचं. बापाच्या वयाच्या माणसाची बायको झाले, माझ्यापेक्षा थोराड बाप्याची आई झाले. आणि घरी आले की दीर पाण्याच्या हंड्याला हात लावू द्यायचा नाय, नाचणारी म्हणून. ते सगळं माझं हाय.

पण किमयाला त्यातलं कायच नको. तिला 'कोरडी भरती' पाहिजे. पुण्याच्या सरांनी इथली माणसं घेऊन बसवलेलं ते एकच प्रायोगिक नाटक. दुसऱ्या अंकात नवरा परदेशातून परत येतो, आणि बाई लोकांकडे पाठ करून बसते ती अंक संपेपर्यंत तोंड दाखवत नाय. पेपरात आलं होतं, 'पाठमोरी दिपिका'. ती तू होतीस. नशीब बघ, माझ्या सगळ्या जन्माच्या कामाला कुत्रं विचारत नाय आणि तुझ्या एका पाठीवर हे नवीन नाटक.

किमया विचारते, मावशी, तुम्ही पाठ का केलीत? सरांनी सांगितलं नव्हतं म्हणे, रोह्याच्या पहिल्याच प्रयोगाला बाई आपणहून वळली. सर वारले, आता विचारायचं कोणाला? मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. तर तू सांग. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय असं ऐकते, म्हणजे तुला हे नाव अंगाला चिकटायला नकोच असेल. मी काढून घेते. उपकार समज.

हौसा


अष्टमी, रोहा
१४ नोव्हेंबर २०२४

हौसाबाय, सलाम.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे तुझं, कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. वाचायला दुपार गेली.

सगळं तूच घे गो. माझ्या घरात नाटकाचं नाव निघत नाही. लतीफ गेले ते ही गोष्ट पोटात घेऊनच गेले. मुलाला, सुनेला, सगळ्यांना एवढंच माहीत, की लग्नाआधी मी पेणला शिवणक्लासला जात होते. नात जिकरा, तिचं नागोठण्याला ठरलं आहे. नवरामुलगा तमीम, कुवेतला असतो. ईदनंतर निकाह. पोरगी इतकी खूश आहे की घरात चालत नाही, उड्या मारते. तमीमच्या आईने पहिल्याच भेटीत मला विचारलं, तुम्ही कधी बाहेर काम केलंत का? मी म्हटलं, छे हो, पूल ओलांडून रोह्यात जायचं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. ती बाई विरघळलीच. खरं सांगते हौसा, इतकं चांगलं काम मी स्टेजवरसुद्धा केलं नव्हतं. तेव्हा माझं नाव कुठे काढू नकोस. त्या पोरीचं सगळं त्यावर आहे.

आता पाठ का केली ते. सांगायची लाज वाटते. मला हसू आलं. नवऱ्याचं काम करायला काळूराम होता, पेणचा. तू कुठून ओळखणार, तुला त्या नाटकात घेतलंच नव्हतं. सर तुला बघून म्हणाले होते, ही गावाची नटी, हिचा आवाज पडद्याला भोकं पाडेल. तर तो काळूराम बॅग घेऊन आत आला आणि त्याची खोटी मिशी एका बाजूने सुटली. मला आवरेना, म्हणून वळले. अंकभर हसत होते. खांदे गदगदा हलत होते आणि लोकांना वाटलं बाई रडते आहे. एवढंच आहे तुमचं प्रायोगिक नाटक.

तू छानच करशील. पाठ तुझी माझ्यापेक्षा रुंद आहे, शेवटच्या रांगेलाही दिसेल.

सायरा


जिते
२ डिसेंबर २०२४

सायरा,

तुझं ते पुस्तकी मराठी अजून गेलं नाय. चार नाटकांची भाषणं पाठ केलीस आणि जन्मभर तेच बोलत राहिलीस.

मिशीची गोष्ट किमयाला सांगितली. ती खुर्चीवरून उठून मला मिठी मारायला आली. म्हणाली, मावशी, तुम्ही हसत होतात आणि लोक रडत होते, याच्यापेक्षा मोठं नाटक काय असतं! तिने तो सगळा अंक त्यावरच बांधलाय. आता तीच जुनी 'कोरडी भरती' आणि तिच्या मागेपुढे दिपिकाची कथा, असं नवं नाटक. दिपिका मी स्वतःच करायची. या वयात, सायरा! तालमीला पुण्याहून माणसं येतात, माझ्या पायांना हात लावतात. मी आधी पाय मागे घेत होते, आता घेत नाय.

पहिला प्रयोग पेणला, जानेवारीच्या पहिल्या शनिवारी. अख्ख्या गावाला बोलावलंय. दीर म्हातारा झालाय, डोळ्यांनी कमी दिसतं, त्याला पहिल्या रांगेत बसवणार. हंड्याला हात लावू दिला नव्हता ना? आता बघू दे, लोक मला कसे बघतात ते. मरायच्या आधी एवढं एक पाहिजे मला. दुसरं कायच नको.

एक हसू येतं. तू नटी कधी नव्हतीसच गो. कोणाची तरी मिशी सुटली म्हणून तुझं नाव झालं. माझ्यासमोर कोणाची सुटली असती तर मी ती तशीच चिकटवून पुढचं वाक्य बोलले असते.

खांदे किती हलवायचे? एक की दोन्ही? लवकर कळव.

हौसा


अष्टमी
१० डिसेंबर २०२४

हौसाबाय,

दोन्ही. आणि लाजू नकोस, जोरात हलव. मधे मधे मान मागे टाक, पदर तोंडात कोंब. नवरा बोलायला लागला की आणखी जोर कर. मी तसंच केलं होतं.

पोस्टरवर फोटो कुणाचा टाकला आहे? सरांच्या घरी पाठमोरा जुना फोटो होता, तो मिळाला का किमयाला? मिळाला असेल तर एक मला पाठव. सहज म्हणून.

सायरा


जिते
८ जानेवारी २०२५

सायरा,

चांगलं केलंस.

पेणचा हॉल भरला होता. गावची माणसं टेंपो करून आली होती, दीर पुढे. दुसऱ्या अंकात मी वळले आणि तू सांगितलंस तशी खांदे हलवायला लागले. आधी एक पोरगा हसला, मग मागची रांग, मग सगळा हॉल. मला वाटलं, जमलं. पदर तोंडात कोंबला, आणखी हसले.

नाटक संपल्यावर किमया म्हणाली, आज एक गंमत आहे. आणि काठी टेकत टेकत एक म्हातारा स्टेजवर आणला. काळूराम. तिला तो आदल्या आठवड्यात सापडला होता. मला आनंद होईल म्हणून सांगितलं नव्हतं. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माईक त्याच्या तोंडापाशीच होता. म्हणाला, "ही ती नाय. तिची पाठ हाललीच नव्हती. मी बोलतोय बोलतोय आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटून मलाच रडू फुटलं होतं. आणि मिशी कसली? मला त्या नाटकात मिशीच नव्हती."

मग दीर उठला. दिसत नाय त्याला, पण ऐकू येतं चांगलं. म्हणाला, "नाचणारी ती नाचणारी, आणि त्यात पण खोटी." आणि गाव हसलं. मी आधी करत होते त्या हसण्यासारखं नाय, खरं हसलं.

किमयाने मग मला कोपऱ्यात घेतलं. दिपिका दोघी होत्या हे सांगावं लागलं. दुसरी कोण, म्हणून हातापाया पडली. मी सांगितलं, ती मेली. रडली बिचारी. पुढचे प्रयोग लागलेत, दुसरी बाई एवढ्यात मिळत नाय, म्हणून मलाच ठेवलंय. आता खांदे हलवत नाय मी.

जाऊ दे. राग नाय माझा. मास्तर होते तेव्हा मी पण तुझे गजरे लपवायचे, एकदा तर तुझ्या पावडरीत हळद घातली होती. ८ फेब्रुवारीला दुपारी रोह्याला प्रयोग हाय. सोबत पास पाठवलाय. बुरख्यात येऊन मागे बस, कोण ओळखतंय? तुझं काम मी कसं करते ते बघून जा.

हौसा


अष्टमी
१६ जानेवारी २०२५

हौसा,

मला मारायचा अधिकार तुला कुणी दिला? नाव काढू नकोस म्हटलं होतं, मेली म्हणून सांग असं म्हटलं नव्हतं. त्या मुलीला आता माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर ती विचारणार कुणाला? रडली म्हणतेस. किती रडली? काय म्हणाली? हे काही तू लिहिलं नाहीस. नको ते मात्र पानभर लिहिलंस.

काळूरामला बरोबर आठवतं. माझी पाठ हलली नव्हती. पण न हलता बसणं म्हणजे तुझं काम संपलं असं समजू नकोस. श्वास पोटात घ्यायचा, मान नवऱ्याच्या आवाजाकडे जाऊ द्यायची नाही, आणि तो बोलेल त्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात उत्तर द्यायचं. तुला ते यायचं नाही. तुझं जे काही असतं ते तोंडावर येतं, मनात काही उरतच नाही. जन्मभर प्रॉम्प्टरचं ऐकून बोललीस, तुझ्या पाठीला बोलायला कुठून येणार?

पेणचं वाचून मला वाईट वाटलं असं तुला वाटत असेल. नाही वाटलं. माझी एकच गोष्ट होती, ती तू मागितलीस. तीही विनंती करून नाही, उपकार म्हणून.

मी येणार नाही. जिकराच्या कपड्यांची खरेदी चालू आहे, वेळ नाही. पास फाडून टाकला.

सायरा


जिते
१० फेब्रुवारी २०२५

सायरा,

उठलीस कशाला गो बये?

मी नाव घेतलं नाय. आईशप्पथ, नाय घेतलं. नाटक संपलं, लोक टाळ्या वाजवत होते, मी माईक घेतला आणि एवढंच म्हटलं, की खरी पाठमोरी दिपिका मी नाय. ती मेली असं मी सांगितलं होतं ते खोटं हाय. ती जिती हाय आणि याच हॉलमध्ये बसलेय. बस. तू येणार हे मला ठाऊक होतं. पास फाडला म्हणालीस तेव्हाच कळलं, न येणारी बाई पास फाडल्याचं लिहीत नाय. मला फक्त तुला घाम फोडायचा होता. बुरख्यातल्या बाया त्या हॉलमध्ये पुष्कळ होत्या. तू गप बसली असतीस तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी वरून बघत होते, कोणती चुळबुळते, कोणती पळते.

लोक माना वळवायला लागले. टाळ्या वाढत गेल्या. आणि तू उठलीस. नकाब वर केलास, मधल्या वाटेने चालत आलीस, पायऱ्या चढलीस. माझ्याकडे बघितलं पण नाय. पुढे येऊन उभी राहिलीस, आणि सगळा हॉल उभा राहिला. मी मागे सरकत सरकत पडद्यापाशी गेले.

माझा नातू मिथुन सांगतो, व्हिडिओ अष्टमीत घरोघर गेलाय, कुवेतला पण गेला असेल. मला झोप नाय. तुझी खोड मोडायची होती, तुझ्या नातीचं वाटोळं करायचं नव्हतं. तिच्या लग्नाचं काय झालं? एक ओळ तरी लिही. किमया पण माझा फोन उचलत नाय.

हौसा


अष्टमी
२४ फेब्रुवारी २०२५

हौसा,

विचारतेस म्हणून सांगते. लग्न मोडलं.

तमीमची आई स्वतः आली होती. ओरडली नाही, काही नाही. म्हणाली, तुम्ही नाटकात काम केलंत त्याचं आम्हाला काहीच नव्हतं. माझी आत्या शाळेत नाटकं बसवायची. पण तुम्ही आमच्या घरात बसून, आमचा चहा पिऊन, इतकं सफाईने खोटं बोललात. उद्या तुमच्या घरातून येणाऱ्या मुलीचं आम्ही खरं काय मानायचं आणि खोटं काय? अंगठी घेऊन गेली. बाई बरोबर होती. माझ्या मुलाने, मुआजने, कुवेतहून फोन केला तो सुनेशी बोलायला, मला द्यायला निघाली तर त्याने ठेवून दिला. जिकरा पहिले दोन दिवस रडली. मग माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाली, "दादी, तुला थोडा वेळ बसून राहता आलं नाही?" तेव्हापासून बोलत नाही.

तुला वाटत असेल, तू मला उठवलंस. तेवढी तुझी ऐपत नाही.

पाठ का केली ते तुला हवं होतं ना? आता घे, आता ते फुकट आहे. त्या पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत माझे अब्बा बसले होते. सुक्या मासळीचा धंदा, कुणा गिऱ्हाइकाने पास दिला असेल. पहिल्या अंकात मी नव्हते. दुसऱ्या अंकाला पडदा उघडला आणि समोर ते. मी पेणला शिवणक्लासला होते ना? म्हणून वळले, आणि श्वास घ्यायची भीती वाटली म्हणून हलले नाही. घरी आले, तर जेवताना ते अम्माला सांगत होते, त्या बाईच्या पाठीला काय जीव होता, सगळ्यांच्या आधी टाळी मी वाजवली. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते. ते गेले तरी त्यांना कळलं नाही.

सरांना ते वळणं आवडलं, पुढच्या सगळ्या प्रयोगांत त्यांनी ते तसंच ठेवलं. पुण्यात वाजल्या त्या टाळ्याही पाठीलाच. तोंडाला कधी मिळाल्या नाहीत. त्या दिवशी रोह्यात पहिल्यांदा मिळाल्या. उठताना मला जिकरा आठवली नाही असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील आणि मला माफही करशील. पण आठवली. चांगली आठवली. तिचा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि मी उठले.

किमया घरी येऊन गेली. सुनेने तिला दारातच उभं केलं, मी बाहेर जाऊन पुलावर तिच्याशी बोलले. अलिबागचा प्रयोग ईदनंतर आहे, जिकराचा निकाह होता त्याच आठवड्यात. दुसरा अंक मी करणार. दिपिका हे नाव तुला देऊन टाकलं, तुला हवंच होतं. पोस्टरवर माझं खरं नाव येईल. तुझ्यासाठी पहिल्या अंकात शेजारणीचं काम ठेवलं आहे, दोन वाक्यं आहेत, पाणी भरायला आलेल्या बाईची. करायचं तर कर. नाहीतर किमयाला मिळेल कुणीतरी, असल्या कामाला बाया मिळतात. तुझे फोन ती मीच सांगितलं म्हणून उचलत नाही.

मुआजने सुनेकरवी सांगितलं, नाटकात गेलीस तर घरी परत येऊ नकोस. बघू. पेणला खोली घ्यायला किमया मदत करणार आहे.

जिकरा आतल्या खोलीत आहे. जेवायला हाक मारली, आली नाही. ताट झाकून ठेवलं आहे. मी आता नाटकातल्या नवऱ्याचे संवाद पाठ करायला बसते.

सायरा